हब गिअरच्या सायकलीला दात किती ठेवायचे?

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला चार वर्षं रोज ऑफिसला नेलेली सायकल घरसामानाबरोबर पुण्यात आणली आणि पहिल्याच रविवारी चांदणी चौकाच्या चढावर ती हातात धरून चालवत न्यावी लागली. गिअर आठ. पहिल्या गिअरवरही पायडल हलेना. तिथे याच सायकलीवर मी कधी धापा टाकल्या नव्हत्या, कारण तिथला चढ म्हणजे समोरून येणारा वारा, नाहीतर कालव्यावरचा पूल. सायकल बिघडली नव्हती आणि हबही, म्हणजे गिअर पोटात असलेला मागच्या चाकाचा तुंबाही, उत्तम होतं. फक्त पुढच्या-मागच्या चकत्यांचे दात सपाट मुलखाच्या हिशेबाने बसवलेले होते. मागची एक चकती बदलल्यावर सायकल पुण्याची झाली.

त्या एका चकतीसाठी मी जे गणित मांडलं, ते इथे क्रमाने देतो. चौथी-पाचवीतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू

डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेच्या सायकलीत मागे आठ-दहा चकत्यांची चळत असते, तुम्ही ती अख्खी बदलू शकता. हब गिअरमध्ये सगळे गिअर चाकाच्या तुंब्यात बंद असतात. स्टर्मी-आर्चर कंपनीचं १९३६ मध्ये आलेलं एडब्ल्यू हे तीन गिअरचं हब घ्या. मधोमध २० दातांचं चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रं आणि त्यांना वेढणारं ६० दातांचं कडं. २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश. त्यामुळे वरचा गिअर १.३३, मधला थेट १ आणि खालचा त्याच्या उलट, म्हणजे ०.७५. हे आकडे, म्हणजे हबचे गुणक, कारखान्यातच ठरले, तुम्ही-आम्ही ते बदलू शकत नाही.

आपल्या हातात एकच गोष्ट उरते: पुढचे दात भागिले मागचे दात. हबचे गिअर ही ठरावीक रुंदीची खिडकी आहे असं समजा. ती रुंद करता येत नाही, पण वर-खाली सरकवता येते. चढ सोपा करायचा तर खिडकी खाली येते आणि वरचा वेग थोडा सुटतो. दोन्ही हवं असेल तर जास्त रुंदीचं हब घ्यावं लागतं आणि त्याची किंमतही तशीच असते.

चाकाचा घेर मोजा

टायरच्या बाजूवर ३७-६२२ किंवा ४७-५५९ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंदीची दुप्पट व्यासात मिळवून ३.१४ ने गुणलं की घेर येतो. ३७-६२२ ला तो साधारण २.१८ मीटर भरतो. नुसतं '२८ इंची' म्हणून भागत नाही. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचं २८ इंच म्हणजे ६३५ चं रिम आणि युरोपातल्या शहरी सायकलीचं २८ इंच म्हणजे ६२२ चं.

खात्री करायची तर टायरच्या व्हॉल्व्हखाली फरशीवर खडूची खूण करा, सायकलीवर बसा, कुणाला तरी धरायला सांगून चाकाची एक पूर्ण फेरी पुढे जा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर हा तुमचा खरा घेर. बसून मोजायचं, कारण वजनाने टायर थोडा दबतो.

पल्ला आणि वेग

पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल जितके मीटर पुढे जाते त्याला मी पल्ला म्हणतो. इंग्लंडातली जुनी मंडळी घेराऐवजी चाकाचा व्यास धरून इंचात हिशेब करतात, पण मीटरमध्ये पुढचं गणित सोपं जातं.

पल्ला = चाकाचा घेर × (पुढचे दात ÷ मागचे दात) × हबचा गुणक

वेग (ताशी किलोमीटर) = पल्ला × मिनिटाला पायडलच्या फेऱ्या × ०.०६

फेऱ्या मोजायला यंत्र लागत नाही. सपाट रस्त्यावर आरामात चालवताना उजवा गुडघा अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येतो ते मोजा आणि दुप्पट करा. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाचा आकडा बहुधा ६० ते ७५ मध्ये येतो. माझा ७०.

हबचा तक्ता शोधा

उत्पादकाच्या पुस्तिकेत प्रत्येक गिअरचा गुणक दिलेला असतो. नेहमी भेटणारी हबं अशी:

स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू, ३ गिअर: ०.७५, १, १.३३
शिमानो नेक्सस ३: ०.७३३, १, १.३६४
शिमानो नेक्सस ७: ०.६३२ ते १.५४५
शिमानो नेक्सस ८ आणि अल्फिन ८: ०.५२७, ०.६४४, ०.७४८, ०.८५१, १, १.२२३, १.४१९, १.६१५
शिमानो अल्फिन ११: ०.५२७ ते २.१५३
रोलॉफ स्पीडहब, १४ गिअर: ०.२७९ ते १.४६७

हा तक्ता वाचताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, सगळ्यात मोठा गुणक भागिले सगळ्यात लहान, म्हणजे खिडकीची रुंदी. एडब्ल्यूची १.७७, नेक्सस ८ ची ३.०७, रोलॉफची ५.२६. दुसरी, १ हा गुणक कितव्या गिअरला आहे. त्या गिअरमध्ये आतली चक्रं काम करत नाहीत, जोर सरळ चाकाला जातो आणि घर्षण सगळ्यात कमी होतं. नेक्सस ८ मध्ये हा पाचवा गिअर, रोलॉफमध्ये अकरावा. रोज सर्वांत जास्त वेळ जिथे घालवता तो वेग या गिअरवर किंवा त्याच्या शेजारी पडला तर उत्तम.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: उड्या सारख्या नसतात. नेक्सस ८ मध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि पाचव्यावरून सहाव्यावर २२ टक्क्यांची उडी आहे, बाकीच्या १४ ते १७ टक्क्यांच्या. अल्फिन ११ मध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थेट २९ टक्के. तुमचा नेहमीचा वेग नेमका पाचव्या-सहाव्याच्या मध्ये पडला तर पाचव्यात पाय भिरभिरतात आणि सहाव्यात जड होतात. दिवसभर बोट गिअरवर. रोलॉफच्या चौदा गिअरमधल्या तेराही उड्या जवळजवळ सारख्या, साडेतेरा टक्क्यांच्या आहेत आणि तिच्या किमतीचं एक कारण तेच.

खालून सुरुवात करा

सायकलवाल्याकडे गेलात की पहिला प्रश्न येतो, 'टॉप स्पीड किती पाहिजे?' तो प्रश्न सोडून द्या. वरचा गिअर कमी पडला तर उतारावर पाय थांबवून बसायचं, इतकंच. खालचा गिअर कमी पडला तर उतरून चालायचं. म्हणून हिशेब तुमच्या वाटेवरच्या सर्वांत कठीण चढापासून.

माझं वजन ७२ किलो, सायकल १८ आणि बॅग ५, एकूण ९५. मी बराच वेळ टिकवू शकतो असा जोर साधारण १५० वॅट. या हिशेबाने ५ टक्क्यांच्या (शंभर मीटरला पाच मीटर उंची) चढावर ताशी सुमारे ९.५ किलोमीटर, ८ टक्क्यांवर ६.३ आणि १० टक्क्यांवर ५ च्या आसपास वेग मिळतो. एवढं भौतिकशास्त्र नको असेल तर फोनवर वेग दाखवणारं ॲप लावून तो चढ चढा, आकडा जवळपास तोच येईल.

आता चढावर मिनिटाला निदान ६० फेऱ्या हव्यात असं धरू. त्याखाली गुडघ्यावर ताण येतो. सूत्र उलटं फिरवा: ९.५ ÷ (६० × ०.०६) = २.६४ मीटर पल्ला. ८ टक्क्यांसाठी ६.३ ÷ ३.६ = १.७५ मीटर.

माझ्या सायकलीला नेक्सस ८ हब आहे आणि पुढे ३८, मागे १६ दात होते, म्हणजे २.३७५. पहिल्या गिअरचा पल्ला २.१८ × २.३७५ × ०.५२७ = २.७३ मीटर. म्हणजे ५ टक्क्यांचा चढ कसाबसा, पण ८ टक्क्यांवर मिनिटाला ३८ फेऱ्या. यालाच आपण 'पायडल हलेना' म्हणतो.

मग किती हवं? १.७५ भागिले (२.१८ × ०.५२७) म्हणजे १.५२. पुढे ३८ असताना मागे २५ दात. माझा कागद इथवर आला तेव्हा मी खुशीत होतो.

पण हबला विचारलं का?

इथेच बहुतेकांची चूक होते. दातांचं गुणोत्तर जितकं कमी, तितका हबच्या पोटात जाणारा पिळाचा जोर जास्त. ८० किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पूर्ण वजनाने उभा राहिला तर क्रँकवर सुमारे १३३ न्यूटन-मीटर पीळ पडतो. गुणोत्तर २ असेल तर हबला ६७ मिळतो. १.५ केलं तर ८९, म्हणजे तिसरा हिस्सा जास्त. आतले दात आणि खिट्ट्या तेवढ्यासाठी घडवलेल्या नसतात.

म्हणून उत्पादक किमान गुणोत्तर ठरवून देतात. शिमानोच्या आठ गिअरच्या हबला ते २ च्या आसपास धरायचं. रोलॉफ १०० किलोपर्यंतच्या चालकाला १.९ पर्यंत उतरू देते, त्याहून वजनदार चालकाला आणि दोघांच्या टँडेमला नाही. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत बघून घ्या. हब उघडून दुरुस्त करणारा माणूस आपल्याकडे सहजी सापडत नाही, त्यामुळे 'थोडं खाली गेलं तर काय होतंय' हा प्रयोग महागात पडतो.

मी २ वर थांबलो: पुढे ३८, मागे १९. आठही गिअरचे पल्ले असे आले: २.३०, २.८१, ३.२६, ३.७१, ४.३६, ५.३३, ६.१९, ७.०४ मीटर. ५ टक्क्यांवर आता ६९ फेऱ्या, मजेत. ८ टक्क्यांवर ४६, दात-ओठ खाऊन. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर ८ टक्के आणि त्याहून तीव्र तुकडे आहेत, तिथे ही सायकल न्यायची नाही हे मी मान्य करून टाकलं. गड दर रविवारी चढायचा असेल तर आठ गिअरचं हब हे उत्तर नव्हेच. रोलॉफला १.९ लावलं तर पहिला पल्ला १.१६ मीटर येतो आणि १० टक्क्यांवरही ७० च्या वर फेऱ्या मारता येतात. नाहीतर सरळ डिरेलर घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

आता वरून तपासा. पाचवा, थेट गिअर ४.३६ मीटरचा. ७० फेऱ्यांना ताशी १८.३ किलोमीटर. कर्वे रस्त्यावर सकाळी साडेनऊला याहून जास्त वेग फक्त स्वप्नात मिळतो. आठवा ७.०४ मीटरचा, ७५ फेऱ्यांना ताशी ३२ च्या जवळ. शहरी सायकलीला पुरून उरतो.

तीन गिअरवाल्यांनी थोडं वेगळं वागायचं

तीन गिअरमध्ये खिडकी इतकी अरुंद असते की चढावरून हिशेब केला तर सपाटीचा बोजवारा उडतो. इथे उलट करा: मधला थेट गिअर रोजच्या सपाट वेगावर बसवा, बाकीचे दोन आपोआप जागेवर पडतात. एडब्ल्यूला ४४ आणि २२ दात लावले तर २.१८ च्या घेराला पल्ले ३.२७, ४.३६, ५.८१ मीटर. ७० फेऱ्यांना ताशी १४, १८ आणि २४ किलोमीटर. वारा, सपाट आणि हलका उतार.

जुन्या इंग्लिश सायकलींना ४८ आणि १८ दात असायचे. ६३५ च्या चाकाला मधला गिअरच सहा मीटरच्या जवळ जातो, ७० फेऱ्यांना ताशी २५ किलोमीटर. अशी सायकल चालवणारे आजोबा आयुष्यभर पहिल्या दोन गिअरवरच फिरतात आणि तिसरा 'उताराचा' म्हणून सोडून देतात. तुमचा वरचा गिअर वर्षानुवर्षं असाच पडून असेल तर खिडकी फार वर बसली आहे, गणिताची गरजच नाही. (तुमच्याकडे जुनं स्टर्मी हब असेल तर त्याच्या कवचावर बघा, बऱ्याचदा निर्मितीचं साल कोरलेलं असतं.)

लहान चाकं आणि एक सापळा

ब्रॉम्प्टनसारख्या घडीच्या १६ इंची सायकलीचा घेर जेमतेम १.३२ मीटर, म्हणून तिला पुढे ५० दात लागतात. तिच्या रुंद खिडकीच्या तीन गिअरच्या हबचे गुणक ०.६४, १, १.५७ असून सहा गिअरच्या सायकलीला मागे १३ आणि १६ अशा दोन चकत्या असतात. खालचा पल्ला २.६४ मीटर. पुढची ५० ची चकती काढून ४४ ची लावली तर सगळे गिअर १२ टक्क्यांनी हलके होतात आणि खालचा २.३२ वर येतो. मुंबईच्या पुलांना पहिला चालतो, पुण्याच्या टेकड्यांना दुसरा बरा.

सापळा स्टर्मी-आर्चरच्या आठ गिअरच्या हबमध्ये आहे. त्यात थेट गिअर पहिलाच असतो, पुढचे सगळे त्याहून जड. ते लहान चाकांच्या हिशेबाने बनवलंय. २० इंची चाकाला छान बसतं. मोठ्या चाकाला मात्र २.२ मीटरचा पहिला पल्ला हवा असेल तर पुढचे आणि मागचे दात सारखेच ठेवावे लागतात! नुसता 'आठ गिअर, रुंदी तीनपट' हा आकडा बघून हब घेऊ नका. १ कुठे आहे ते बघा.

कोणती चकती बदलायची?

मागची. स्वस्त असते, आणि मागे १९ चे २० केले की ५ टक्के फरक पडतो. पुढे ३८ चे ३९ केले तर अडीच टक्केच. मोठा बदल मागे, बारीक दुरुस्ती पुढे. पुढे हात घालण्यापूर्वी चेनकव्हरमध्ये मोठी चकती मावते का ते बघा.

शिमानो आणि स्टर्मीच्या बहुतेक हबांवर मागची चकती तीन खाचांत बसते आणि तारेच्या कड्याने अडकवलेली असते. आपल्या नेहमीच्या सायकलीचं १८ दाती फ्रीव्हील इथे लागत नाही, ते आट्यांवर बसतं. तीन खाचांची चकती बाहेरून मागवावी लागण्याची तयारी ठेवा. मागवताना चेनची रुंदी जुळवा, आणि चकती सपाट आहे की वाटीसारखी तेही बघा. वाटीची चकती उलटी बसवली की चेनची रेघ काही मिलिमीटर सरकते.

बदलताना

नेक्सस ८ वर मी केलं ते असं. गिअर पहिल्यावर आणून केबल सैल केली. मागच्या जोडाच्या (हबवर केबल जिथे अडकते तो भाग) चक्रातल्या भोकात २ मिलिमीटरची ॲलन की घालून ते थोडं फिरवलं की केबल सुटते. एक्सलचे नट काढताना दोन्ही बाजूंच्या रंगीत वॉशरांचा फोटो काढून ठेवला. हे वॉशर एक्सल फिरू देत नाहीत, त्यांची अदलाबदल झाली तर गिअर कधीच नीट लागत नाहीत. मग जोडाचं कडं फिरवून जोड बाहेर काढला. तारेचं कडं चपट्या पेचकसाने उचकटायचं, आणि ते उचकटताना डोळ्यांवर चष्मा हवाच. माझं कडं उडून थेट वॉशिंग मशीनखाली गेलं, शोधायला वीस मिनिटं लागली.

चेनची लांबी आधी कागदावर काढा. एक दात वाढला की तीच चेन ठेवून एक्सल ३.२ मिलिमीटर पुढे सरकतं. १६ वरून १९ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा नसेल तर चेनला एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी वाढवा. त्याने एक्सल १२.७ मिलिमीटर मागे जातं आणि एकूण हिशेब सव्वातीन मिलिमीटर मागे असा बसतो. मी तेच केलं. एक्सल सरकल्यावर रिम ब्रेकचे गट्टू रिमवर नीट टेकतात का हे विसरू नका, टायरला घासणारा गट्टू पन्नास किलोमीटरमध्ये टायर फाडतो.

चेन मधोमध वर-खाली मिळून एक ते दीड सेंटिमीटर हलावी. पायडल पूर्ण फिरवून जिथे ती सर्वांत ताठ होते तिथे मोजा, कारण पुढची चकती कधीच शंभर टक्के गोल नसते. एक्सलचे नट ३० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळा. शेवटी गिअर ४ वर आणून जोडावरच्या दोन रेघा समोरासमोर येतात का बघा. केसभर फरक असेल तरी केबलचा स्क्रू फिरवून जुळवा, नाहीतर चढावर जोर लावताना गिअर सटकतो आणि पाय हवेत जातो.

महिनाभर टिपून ठेवा

हँडलला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि प्रत्येक फेरीनंतर सर्वांत जास्त वापरलेल्या गिअरपुढे पेनाने रेघ मारा. महिन्याने सगळ्या रेघा वरच्या दोन गिअरांत दिसल्या तर मागे एक दात कमी करा. पहिल्या गिअरपुढे गर्दी असेल आणि गुणोत्तर अजून किमान मर्यादेच्या वर असेल तर एक दात वाढवा. माझी पट्टी अजून हँडलवर आहे. सगळ्यात जास्त रेघा पाचव्यापुढे, त्याखालोखाल तिसऱ्यापुढे. आठव्यापुढे दोनच, आणि त्या दोन्ही चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरतानाच्या.